दोष कॉर्डचा की अर्थिंगचा?
शुद्ध तांब्याची महागडी पॉवर कॉर्ड लावल्यावर ॲम्प्लिफायरची घरघर थांबली, असे काही जण सांगतात; ते निरीक्षण मी नाकारत नाही. परंतु त्याचे श्रेय तांब्याच्या शुद्धतेपेक्षा, कॉर्ड बदलताना सर्व उपकरणे एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आली असतील तर त्या बदलाला द्यावे लागेल. उपकरणे वेगवेगळ्या ठिकाणी अर्थिंगला (जमिनीशी) जोडली गेली की सिग्नल केबलच्या शील्डमधून (आतल्या तारेभोवतीच्या धातूच्या आवरणातून) घरगुती विजेच्याच 50 हर्ट्झ वारंवारतेचा प्रवाह वाहू लागतो आणि तोच स्पीकरमधून ऐकू येतो. आमच्याकडे अशी दुसरी अर्थ-जोडणी आणणारी दोषी निघाली ती केबल टीव्हीची वायर (तिच्यावर कोणाचाच संशय नव्हता!): ती सेट-टॉप बॉक्समधून काढताच आवाज बंद झाला, आणि पुढे ऑडिओ लाइनवर छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (थेट तारेची जोडणी न ठेवता सिग्नल पुढे पोहोचवणारा) बसवून काम भागले. प्लगमधील अर्थची जाड पिन काढून टाकण्याचा उपाय मात्र कोणीही करू नये, कारण आत बिघाड झाल्यास उपकरणाच्या धातूच्या पेटीत थेट वीज उतरू शकते.