पंक आणि रेगेवाल्यांनी ब्रिटनच्या वंशद्वेष्ट्या नॅशनल फ्रंट पक्षाला खरंच रोखलं का?

गडवाट (मूळ धागा)

५ ऑगस्ट १९७६. बर्मिंगहॅमच्या ओडियनमध्ये गोरा ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टन दारूच्या नशेत स्टेजवरून बरळला: या स्थलांतरितांना परत पाठवा, (स्थलांतरविरोधी पुढारी) इनॉक पॉवेलला मतं द्या. दोनच वर्षांपूर्वी जमैकाच्या रेगेगायक बॉब मार्लेचं गाणं गाऊन हाच माणूस अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेला होता. छायाचित्रकार रेड साँडर्स आणि त्याच्या मित्रांनी संगीत साप्ताहिकांना संतप्त पत्र धाडलं: काळ्यांचं संगीत घेऊन मोठा झालास आणि आता त्यांनाच हाकलतोस? त्यातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही वंशद्वेषविरोधी संगीत-चळवळ उभी राहिली.

३० एप्रिल १९७८ ला लंडनच्या ट्रफाल्गर चौकातून तिचा मोर्चा निघाला तो हॅकनीच्या व्हिक्टोरिया पार्कपर्यंत. तिथे द क्लॅश, टॉम रॉबिन्सन, एक्स-रे स्पेक्स आणि बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थचा काळ्यांचा रेगे बँड स्टील पल्स एकाच मंचावर. गर्दी ऐंशी हजार ते लाखभर सांगतात. स्टील पल्सची पोरं तर कु क्लक्स क्लॅन या अमेरिकेतल्या काळ्यांच्या द्वेष्ट्या टोळीच्या पांढऱ्या टोप्या डोक्यावर चढवून क्लॅनविरुद्धच गायची.

माझं ठाम मत आहे, नॅशनल फ्रंटच्या तावडीतून गोरी पोरं सोडवली ती या वादकांनी. पक्षांना ते जमलं नव्हतं. आणि ही सोयरीक काही पोस्टरपुरती नव्हती. लंडनच्या रॉक्सी या पंक क्लबात डॉन लेट्स हा काळा डीजे तबकड्या लावायचा, तेव्हा पंकच्या (वेगवान, बंडखोर रॉकच्या) रेकॉर्डच मोजक्या होत्या, म्हणून तो रेगे वाजवायचा. ती पोरं तिथेच कानाने तयार झाली.

मुळाकाठ

गडवाट, मैफल रविवारी झाली. पुढच्या गुरुवारी, ४ मे रोजी, कामावरून घरी निघालेल्या अल्ताब अली या बंगाली शिवणकामगाराला पूर्व लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये भोसकून मारलं. मारणारी पोरं वीस वर्षांचीसुद्धा नव्हती. तुम्ही म्हणता ती 'सोडवलेली' पिढी हीच ना? त्याच्या शवपेटीमागे सुमारे सात हजार माणसं चालली, ती बंगाली कामगारांनी जमवली होती.

दुसरी गोष्ट अजून टोचते. २४ सप्टेंबरला ब्रॉकवेल पार्कात दुसरा मोठा जलसा होता, आणि त्याच दिवशी फ्रंटवाले ईस्ट एंडवर चालून गेले. तिथली बंगाली वस्ती, ब्रिक लेन, राखायला माणसं कमी पडली, कारण बहुतेक जण नदीपलीकडे गाणी ऐकत होते. हा आरोप तेव्हाच झाला होता आणि त्याचं पटणारं उत्तर मी अजून वाचलेलं नाही.

राहिली १९७९ ची निवडणूक. फ्रंटचे ३०३ उमेदवार, मतं ०.६ टक्के. पण त्याआधी, जानेवारी १९७८ मध्ये, कन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या नेत्या थॅचरबाई टीव्हीवर म्हणाल्या होत्या की लोकांना परक्या संस्कृतीखाली बुडून जायची भीती वाटते. फ्रंटची मतं तिकडे वळली. गिटारला श्रेय कशाला?

थेम्सकाठी

मी साउथहॉलच्या, म्हणजे पश्चिम लंडनमधल्या आशियाई वस्तीच्या, जवळ राहते. मुळाकाठ, ब्रिक लेनबद्दल तुमचं बरोबर आहे, ती चूकच होती. पण व्हिक्टोरिया पार्क म्हणजेच सगळं, असं धरून दोघंही भांडताय.

मिस्टी इन रूट्स हा साउथहॉलचा रेगे बँड. 'पीपल युनाइट' ही त्यांची स्वतःची संस्था आणि लेबल. शेजारच्याच भागातला द रट्स हा गोरा पंक बँड. त्यांची पहिली रेकॉर्ड याच लेबलवर निघाली. म्हणजे दार उघडलं काळ्या वादकांनी. गोऱ्यांनी मोठ्या मनाने काळ्यांना मंच दिला, ही गोष्ट सारखी सांगितली जाते तिचा मला मनापासून राग येतो.

२३ एप्रिल १९७९ ला फ्रंटच्या सभेविरुद्ध साउथहॉल रस्त्यावर उतरलं. पोलिसांच्या मारात शिक्षक ब्लेअर पीच गेले. पीपल युनाइटच्या घरात शिरून पोलिसांनी वाद्यं, सामानसुमान फोडलं. मिस्टीचे मॅनेजर क्लॅरेन्स बेकर यांची कवटी फुटली, ते कोमात गेले. मग जुलैत रेनबो थिएटरमध्ये अटक झालेल्यांच्या खटल्यांच्या मदतीसाठी कार्यक्रम झाले. क्लॅश आले, रट्स आले. वकिलाची फी भरायला पैसे लागतात हो. ही एकजूट कामाची होती.

मुळाकाठ

ताई, हे पटलं. रट्स आणि मिस्टी शेजारीशेजारी वाढले, त्यांची बात वेगळी.

पण गडवाट यांची सुरुवातच मला मान्य नाही. क्लॅप्टन बरळला ऑगस्टमध्ये. साउथहॉलमध्ये गुरदीपसिंग चग्गर या अठरा वर्षांच्या मुलाचा खून झाला जूनमध्ये, आणि तिथली पोरं त्याच आठवड्यात संघटित झाली, साउथहॉल यूथ मूव्हमेंट. इतिहास मात्र लिहिला जातो गोऱ्या गिटारवाल्याच्या बरळण्यापासून. आणि या मंचांवर आशियाई बँड किती? एलियन कल्चर सोडून दुसरं नाव सांगा.

गडवाट

चग्गरचं नाव धाग्यात पहिल्या ओळीत असायला हवं होतं, हे मान्य. आशियाई बँडचं दुसरं नाव माझ्याकडे नाही.

थॅचरबाईंबद्दल मात्र माघार नाही. त्यांनी मतं नेली, पण फ्रंटवाले ज्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना फुटबॉलच्या मैदानांबाहेर गाठायचे, त्यांना मताचा हक्कच नव्हता. त्यांच्यासमोर फ्रंटचं पत्रक होतं आणि शाम ६९ या पंक बँडचे कार्यक्रम होते. शाम ६९ च्या स्किनहेड (डोकं भादरलेल्या) चाहत्यांत फ्रंटवाले भरपूर. त्या बँडचाच गायक जिमी पर्सी व्हिक्टोरिया पार्कात क्लॅशबरोबर गायला उभा राहिला, तेव्हा आपल्याच चाहत्यांचा रोष त्याने ओढवून घेतला. त्या पोरांना दुसरं कुणी काय दिलं होतं, ते सांगा.