बोटांची सोनोग्राफी: एक्स-रे काढल्यावर पुन्हा ही कशाला?

शिवण_नाशिक:
नमस्कार. वय ५७, ३१ वर्षं ब्लाउज शिवतेय. उजव्या तर्जनीच्या टोकाच्या सांध्यावर हरभऱ्याएवढी गाठ आहे, आता मधल्या बोटालाही येतेय. त्याहून त्रास अंगठ्याच्या मुळाचा. जाड कापड कापताना कात्री मिटली की कळ थेट मनगटात जाते. हूक लावायचं काम सुनेकडे दिलंय. एक्स-रेच्या रिपोर्टात 'वयाप्रमाणे झीज' एवढंच आलं. आता संधिवाताच्या डॉक्टरांनी बोटांची सोनोग्राफी सांगितली आणि छातीत धस्स झालं. आईला आमवात होता, शेवटी शेवटी तिला घास भरवावा लागे. माझंही तसंच वाटतंय का त्यांना?

संधिवात_ओपीडी:
ताई, घाबरू नका. मी रोज हीच तपासणी करते. एक्स-रेत हाड दिसतं, हाडांमधली फट कमी झालेली कळते. पण सांध्याचं अस्तर सुजलंय का, पाणी साठलंय का, ते त्यात नीट कळत नाही. सोनोग्राफीत कळतं. त्याच मशीनवर पॉवर डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोय, लावली की सुजलेल्या अस्तरातला रक्तप्रवाह केशरी ठिपक्यांसारखा दिसतो. अशी सूज झिजेतही येते, त्यामुळे ठिपके दिसले म्हणजे आमवातच, असं नाही. कुठले सांधे धरलेत ते बघायचं. टोकाचे सांधे आणि अंगठ्याचं मूळ या झिजेच्या नेहमीच्या जागा. आमवात बहुधा मनगट आणि मुठीचे सांधे धरतो, टोकाचे सोडतो. सोरायसिस हा कातडीचा आजार मात्र टोकाचेही सांधे धरू शकतो, म्हणून नखांवर किंवा कातडीवर काही असेल तर आवर्जून सांगा.
एक्स-रे टाकून देऊ नका, सोबत न्या. ध्वनिलहरी हाडाच्या पलीकडे जात नाहीत, सांध्याचा मधला भाग झाकलेलाच राहतो. आणि बोटांचा सराव असलेल्याकडेच करा. बोटावर फिरवायचा प्रोब जोरात दाबला की पाणी बाजूला सरकतं, ठिपके दिसेनासे होतात, आणि रिपोर्ट 'सूज नाही' असा येतो. भरपूर जेल आणि हलका हात लागतो.

भाकरी_सातारा:
माझी गेल्या वर्षी झाली. दुखत नाही, जेल तेवढं गार लागतं. मला आधी बोटांना चोळायचं मलम आणि अंगठ्याला पट्टा दिला, गोळ्या नंतर. पट्टा मापाचा करून घ्या. तयार घेतलेला माझ्या हाताला काचला.

शिवण_नाशिक:
काल झाली. डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवलं. हाडाची पांढरी रेघ सरळ येते आणि सांध्याशी चोचीसारखी वर उचलते. ती चोच म्हणजे माझी गाठ. अंगठ्याच्या मुळाशी अस्तर सुजलंय, थोडं पाणी आहे. मनगट आणि मुठीचे सांधे स्वच्छ! आमवात नाही म्हणाले. घरी येऊन आईच्या फोटोसमोर बराच वेळ बसले. मलम सुरू केलंय, पट्ट्याचं माप दिलंय. तो लावून कात्री धरता येते का, ते सोमवारी बघते.