एअर टँकमधून दुधाळ पाणी: ड्रायरचं कार्ट्रिज बदलू की कॉम्प्रेसर उघडू?

वेर्णा_सर्व्हिस:
गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या स्टाफ बसगाड्यांचं मेंटेनन्स आमच्याकडे आहे. फुल एअर ब्रेक, मॅन्युअल स्लॅक अ‍ॅडजस्टर (ब्रेक शू आणि ड्रममधली फट हाताने जुळवायचा दांडा). पाऊस लागल्यापासून काही गाड्यांच्या टँकमधून पाणी निघतंय. दोन गाड्यांत ते दुधाळ, चिकट आहे. आणखी एका गाडीत पाणी साधंच, पण कट-आउट (दाब पुरेसा झाल्यावर कॉम्प्रेसरने हवा भरणं थांबवणं) होतच नाही, काटा 7 बारवर घुटमळतो. एअर ड्रायरची कार्ट्रिजं (हवेतली ओल शोषणाऱ्या दाण्यांचे डबे) मे महिन्यातच बदललीत. पुन्हा बदलायची का?

ग्रीसगन:
दुधाळवाल्या गाड्यांत कार्ट्रिजवर लगेच पैसे घालू नका. पाण्यात कॉम्प्रेसरचं तेल फेटलं गेलं की ते असं दिसतं. कार्ट्रिजमधल्या दाण्यांवर तेल बसलं की ते ओल शोषत नाहीत, आणि नवीन कार्ट्रिजचीही तीच गत होते.

टँक रिकामे करा, ड्रायरकडचं डिस्चार्ज पाइपचं टोक सोडा, इंजिन आयडलला ठेवून तोंडासमोर पांढरा पुठ्ठा धरा. हात लांब ठेवा, हवा कढत असते. बारीक ठिपके आले तर चिंता नाही; ओघळ आले तर कॉम्प्रेसर तेल टाकतोय.

तरीही लगेच कॉम्प्रेसरच्या पिस्टन रिंगांवर जाऊ नका. आधी इनटेकचा होज आणि फिल्टर बघा. ते चोक असतील तर सक्शनला कॉम्प्रेसर रिंगांच्या फटीतून तेल ओढतो. उसगाव-सांखळीच्या बाजूला, खनिजाच्या लाल धुळीत फिरणाऱ्या गाड्यांना हे जास्त. मग तेलाची परतीची लाइन मोकळी आहे का बघा. डिस्चार्ज पाइपमध्ये कार्बन साचला असेल तर पाइपच बदला: पाइप अरुंद झाला की हेड तापतं, तेल जळतं, कार्बन आणखी वाढतो. हे सगळं ठीक निघालं तरच कॉम्प्रेसर उघडा. कार्ट्रिज सगळ्यात शेवटी.

डिझेल_फोंडा:
कट-आउट न होणाऱ्या गाडीचं दुखणं वेगळं आहे. ड्रायर पर्ज करतो, म्हणजे साचलेली ओल हवेच्या झोताने बाहेर फेकतो, तो कट-आउटला. तो ‘फुस्स’ आवाज आला नाही तर दाणे वाळतच नाहीत, मग कार्ट्रिज कितीही नवं असो.

इंजिन बंद करा, ठोकळे लावून हँडब्रेक सोडा, पेडल पूर्ण दाबून धरा. सुरुवातीची घसरण सोडून पुढच्या एका मिनिटात 0.2 बारपेक्षा जास्त उतरलं तर लीक आहे. साबणाचा फेस ब्रेक चेंबरच्या (हवेच्या दाबाने ब्रेक लावणारा चाकाजवळचा डबा) क्लॅम्पवर, रिले व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टवर लावा. बसमध्ये दरवाज्याचा सिलिंडर विसरू नका, तो हमखास राहून जातो. लीक नसेल तर दोष गव्हर्नरमध्ये (कट-आउटचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह) किंवा अनलोडरमध्ये (कॉम्प्रेसरचं हवा भरणं थांबवणारा भाग).

वेर्णा_सर्व्हिस:
दरवाज्याचा सिलिंडर खरंच तपासला नव्हता, उद्या बघतो. ड्रेन आठवड्यातून एकदा पुरेल का? आणि याच गाड्या चोर्ला घाटाने बेळगावला जातात, स्लॅकही बघायचाय.

ग्रीसगन:
पावसात रोज संध्याकाळी ड्रेन करा, वेट टँक (कॉम्प्रेसरकडून हवा आधी येते तो पहिला टँक) आधी. टँकमध्ये पाणी राहिलं की हवेची जागा तेवढी कमी होते.

स्लॅक थंड ड्रमवरच करा. तापलेला ड्रम फुगलेला असतो. तेव्हा बसवलेला शू ड्रम निवल्यावर घासतो. चाकाखाली ठोकळे, हवा 6 बारच्या वर, हँडब्रेक सोडलेला. स्प्रिंग ब्रेक, म्हणजे हँडब्रेकच, धरलेला असेल तर माप चुकतं. स्लॅक अ‍ॅडजस्टरच्या नटाभोवतीचा लॉक स्लीव्ह आत दाबा, शू ड्रमला टेकेपर्यंत नट आवळा, मग पाव ते अर्धा फेरा मागे. चाक जॅकवर मोकळं फिरलं पाहिजे.

मग पूर्ण पेडलवर पुशरॉडची (चेंबरमधून बाहेर येऊन स्लॅक ढकलणारा दांडा) चाल मोजा. साध्या टाइप 30 (30 चौरस इंच मापाच्या) ब्रेक चेंबरला 50 मिमी ही हद्द. एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजू सारख्या हव्यात, नाहीतर घाटात उतरताना गाडी एकीकडे ओढते.

पाना काढल्यावर लॉक स्लीव्ह स्वतःहून बाहेर उसळतो का, ते नक्की बघा. गंजाने आत अडकून राहिला तर नट चालत्या गाडीत सैल होत जातो.