मदत हवी आहे: विहिरीतला गुलाबी दगड इनेसाइट असू शकतो का?

तापीकाठी:
जामनेर तालुक्यात मामांच्या विहिरीचं काम चालू आहे. चाळीस फुटांवर काळा पाषाण लागला. सुरुंग उडवल्यावर एक पोकळी फुटली आणि आत हे! फिकट गुलाबी, मुठीएवढे गड्डे. पात्या मधोमध आवळलेल्या, दोन्ही टोकांना फाकलेल्या, अगदी कडब्याची पेंढी. क्रेनवाला म्हणाला, "दगड भलता निंघना, पन पानी कोठे शे?" मामांचंही दुःख तेच.

आता एक व्यापारी येऊन 'मँगनीजचा दगड, इनेसाइट' सांगून गेला. मोबाइलवर फोटो दाखवला, रंग हुबेहूब. वाचलं तर हे कॅल्शियम आणि मँगनीजचं सिलिकेट, रचनेतच पाणी असलेलं. १८८७ साली जर्मनीतल्या नान्झेनबाखच्या नमुन्यांवरून नाव पडलं. रंग मांसासारखा आणि ठेवण तंतूंची, म्हणून ग्रीक शब्द घेतला म्हणे. ते आमच्या विहिरीत कुठून येणार? घरच्या घरी खात्री कशी करू?

मुरूमवाला:
भाऊ, रंगावर जाऊ नका. इनेसाइटला आधी मँगनीजचा साठा लागतो, मग त्यात गरम पाणी फिरावं लागतं. म्हणून ते दक्षिण आफ्रिकेत कलाहारीच्या वेसल्स खाणीत सापडतं. आपल्या राज्यात मँगनीज म्हणजे नागपूर-भंडारा. तिथला गुलाबी दगड बहुधा ऱ्होडोनाइट, त्यात पाणी नसतं.

तुमच्याकडे बेसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत झिरपलेल्या पाण्यातून झिओलाइट नावाच्या गटातली खनिजं जमली. तुमची 'पेंढी' वाचूनच मला त्यातलं स्टिल्बाइट वाटतंय. पाणी त्यातही असतं, पण मँगनीजऐवजी अॅल्युमिनियम.

सुरीने ओरखडा काढून बघा. एक ते दहाच्या मोह्ज मोजपट्टीवर स्टिल्बाइटची कठीणता चारच्या आत, इनेसाइटची सहाच्या आसपास. त्यावर सुरी घसरते. शिवाय वजन. इनेसाइट पाण्याच्या तिप्पट जड, स्टिल्बाइट दुपटीहून जरासं जास्त. पाषाण न चिकटलेला सुटा तुकडा घ्या.

तापीकाठी:
सुरीने पांढरी पूड निघाली. सराफाच्या काट्यावर तुकडा २१.४ ग्रॅम, दोऱ्याने पाण्यात लोंबकळता धरला तर ११.६. म्हणजे पाण्यात ९.८ ग्रॅम घटलं, तेवढंच त्या आकाराच्या पाण्याचं वजन. २१.४ भागिले ९.८, साधारण २.२. सराफ हसत होता, पण काम केलं बिचाऱ्याने.

स्टिल्बाइटच म्हणायचं तर! व्यापारी रविवारी परत येतोय. गड्डे पाषाणासकट ठेवू की सोडवून काढू?

मुरूमवाला:
पाषाणासकट. छिन्नी लावूच नका, पात्या सुटतील.