मदत हवी आहे: कोरियन मंडळींचा इंग्रजी संभाषण गट, पातळ्या वेगवेगळ्या

नमस्कार मंडळी,

मी दक्षिण कोरियात सुवॉनला राहते. घराजवळच्या वाचनालयात आठवड्यातून एकदा मोफत इंग्रजी संभाषण गट घेते. लोक कामावरून दमून येतात, तरी चुकवत नाहीत. त्यांना खरंच उपयोग व्हावा म्हणून विचारतेय.

शब्द, व्याकरण यांत फारसं अडत नाही. सुनुंग या विद्यापीठ प्रवेशपरीक्षेत इंग्रजीचे ४५ प्रश्न असतात, १७ ऐकण्याचे, बाकी वाचनाचे. त्याची तयारी बहुतेकांनी घोटून केलेली. बोलणं त्यात नाहीच.

अडतं ते गप्पा पुढे नेताना. नवशिक्यांना वीकेंडला काय केलं विचारलं की 'आय वेन्ट टू म्युझियम', झालं. पुढे माझ्याकडे बघत बसतात. प्रश्न कळला नाही तर मला न विचारता शेजारच्याला हळूच कोरियनमध्ये विचारतात. शब्द आठवताना 'म्वोजी, म्वोजी' (म्हणजे 'काय बरं ते') पुटपुटतात, तोवर दुसरंच कोणी बोलू लागतं. मधल्या पातळीवरचे 'सॉरी?' म्हणतात, 'हाउ अबाउट यू?'ही विचारतात, पण मी काय सांगितलं त्यावर अवाक्षर नाही, थेट पुढचा विषय.

वरच्या पातळीचं मला जास्त कोडं आहे. नोकरीसाठी बरेच जण ऑपिक ही इंग्रजी बोलण्याची परीक्षा देतात. ती संगणकावर होते, पडद्यावरचं पात्र प्रश्न विचारतं आणि आपण एकट्यानेच बोलायचं, मध्ये तोंड घालणारं कोणी नाही. माझ्या मते सवय तिथेच लागते. त्यात आयएच ही वरची श्रेणी मिळवलेले दादा छान मुद्देसूद बोलतात, पण थांबतच नाहीत. आणि गटात सर्वांत उत्तम इंग्रजी असलेली विद्यार्थिनी, ती वयाने लहान, म्हणून ते बोलत असताना फक्त 'ने, ने' (हो, हो) करत मान डोलावते. कोरियनमध्ये समोरच्याच्या वयामानाप्रमाणे क्रियापदाचं रूप बदलतं. इंग्रजीत ते नाही, पण अदब तशीच राहते. तिला मध्ये बोलायला लावणं मला बरं वाटत नाही, गप्प ठेवणंही नाही.

जोड्या लावून पाहिल्या, तर वरच्या पातळीचा माणूस मास्तर होऊन चुका काढत बसतो.

तर, अशा मिश्र गटात कोणते खेळ किंवा उपक्रम चालतात? नवशिक्यांना आधी काय शिकवू, 'कळलं नाही' म्हणायला की उलट प्रश्न विचारायला? पुण्यात कोरियन कुटुंबांना इंग्रजी शिकवणारं इथे कोणी असेल तर कृपया सविस्तर लिहा, विशेषतः वयाच्या अदबीचं तुम्ही काय करता ते.