शब्दचर्चा: डॉमिनिकन 'तीगेरे'ला मराठीत काय म्हणाल?

मंडळी, न्यू यॉर्कच्या वॉशिंग्टन हाइट्समध्ये राहतो. आमच्या इमारतीत निम्म्याहून जास्त बिऱ्हाडं डॉमिनिकन रिपब्लिकची. क्लासमध्ये पैसे भरून शिकलेली माझी स्पॅनिश इथे जिन्यातच गारद झाली. खालचा दुकानदार पहिल्याच दिवशी म्हणाला, "के लो के!" शब्दशः 'काय ते काय', म्हणजे आपलं 'काय म्हणताय?'. मी प्रामाणिकपणे विचारलं, "काय ते काय म्हणजे काय?" अजून मला चिडवतो.

(डॉमिनिका हा देश वेगळा. यशस्वी जयस्वालने २०२३ मध्ये पदार्पणातच १७१ काढल्या ते रोसो तिकडचं. माझ्या शेजाऱ्यांना क्रिकेटशी देणंघेणं नाही, त्यांचा जीव बेसबॉलमध्ये.)

अडलोय 'तीगेरे'पाशी. मूळ 'तिग्रे', म्हणजे वाघ. वाघ त्या बेटावर नाही, पण तीगेरे गल्लोगल्ली. सरकारी खिडकीवरची रांग चुकवून काम करून आणणारा तीगेरे, तीन पोरींना एकाच वेळी झुलवणारा तीगेरे, आणि रस्त्यावर वाढलेलं पोर तीगेरितो. शिवी की कौतुक, हे आवाजावर. मराठीत काय म्हणावं?

बोरकूट
'चालू'. अजून काय?

वांगीपोहे
चालूमध्ये कौतुक कमी पडतं. 'बारा गावचं पाणी प्यायलेला' जवळचं, पण हाक मारताना एवढं लांबण कोण लावणार? आमच्या सांगलीकडं 'लई बेणं हाय' म्हणतात त्यात दोन्ही येतं, राग आणि कौतुक.

धागाकर्ता
बेणं! हेच हवं होतं. परवाच जिन्यात एक म्हातारा नातवाकडे बघत मान हलवून "तीगेरे, तीगेरे" म्हणत होता आणि गालातल्या गालात हसत होता. बेणंच ते.

सदाशिवपेठी
रोजच्या वापरातले आणखी शब्द द्या की. एका वाघावर किती दिवस काढणार?

धागाकर्ता
घ्या. बस म्हणजे 'ग्वाग्वा'. (चिलीत ग्वाग्वा म्हणजे तान्हं बाळ, तेव्हा तिथे "ग्वाग्वा पकडायचीय" म्हणताना जपून.) ठरलेल्या रस्त्यावर फिरणारी, माणसं कोंबून भरलेली शेअर टॅक्सी 'कोन्चो', आणि मोटारसायकलवरची 'मोतोकोन्चो'. कोन्चोतून उतरायचं तर "दोंदे प्वेदा" म्हणायचं, म्हणजे 'जिथे जमेल तिथे'. स्टॉपचा आग्रह नाही. आपण "इथंच बाजूला घ्या" म्हणतो तसं. गतिरोधकाला 'पोलिसिया आकोस्तादो', आडवा झालेला पोलीस! वॉचमनचा 'ग्वाचिमान'. तो आपल्याकडेही वॉचमनच राहिला, म्हणून मला उगाच जवळचा वाटतो.

थोडंसं म्हणजे 'उन चिन'. त्याहून थोडं 'चिनचिन', आणि अगदी इत्तुकसं असेल तर 'चिनिनीन'. कॉफी कपभर पिऊन वर "चिनिनीन दे" म्हणणाऱ्या आजीबाई आमच्या मजल्यावर आहेत.

कोपऱ्यावरचं वाणसामानाचं दुकान 'कोल्मादो'. तेल, तांदूळ, एक सुटी सिगारेट, गाणी, डॉमिनोचा डाव, सगळं तिथेच. बिअर म्हणजे 'फ्रीया', थंड बाई. बाटली इतकी गार की अंगावर पांढरं बर्फ धरलंय, तर ती 'बेस्तीदा दे नोब्या', नवरीच्या वेषातली. तिकडे नवरी पांढऱ्यात असते म्हणून जमतं, आपल्याकडे बाटलीला शालू नेसवावा लागेल. आणि गल्ल्यामागे पाटी: 'ओय नो फीयो, मान्याना सी'. आज उधार नाही, उद्या आहे. आपली 'आज रोख, उद्या उधार', जशीच्या तशी.

कोकणचा बाप्या
तिथल्या गावांनाही टोपणनावं आहेत म्हणे?

धागाकर्ता
छापील आणि बोलीतली, अशी दोन्ही. सांतियागो हे 'हृदयनगर', प्वेर्तो प्लाता 'अटलांटिकची वधू', सान पेद्रो दे माकोरीस 'पूर्वेची सुलताना'. हे सगळं भाषणात आणि पर्यटनाच्या पत्रकात, पुण्याला 'विद्येचं माहेरघर' म्हणतो तसं. रिक्षावाल्याला कोण म्हणतं, "विद्येच्या माहेरघरी सोडा"? बोलण्यात सांतो दोमिंगो नुसतं 'ला कापिताल', राजधानी. हुकूमशहा त्रुहियोने १९३६ मध्ये शहराला स्वतःचं नाव चिकटवलं, ते १९६१ मध्ये तो मारला गेल्यावर गेलं. कापिताल आधीही होतं, नंतरही आहे. महामार्गावरचे थांबे किलोमीटरच्या दगडांवरून: 'नऊ', 'हायनाचा बारा' (हायना हे गाव). मुख्य रस्ता 'ला बेंतिस्येते', सत्तावीस. पूर्ण नाव २७ फेब्रुवारी, १८४४ च्या स्वातंत्र्याची तारीख. (हो, आपला मराठी भाषा गौरव दिनही तोच.) आणि अमेरिका म्हणजे 'लोस पाईसेस', 'देश' असं नुसतं अनेकवचन. मुलगा कुठे आहे? देशांत.

त्रुहियोच्या काळाचा आणखी एक शब्द. फोक्सवॅगन बीटलला तिथे 'सेपियो' म्हणतात, म्हणजे ब्रश. त्याच्या गुप्त पोलिसांकडे काळे सेपियो असत आणि आत बसलेल्या खबऱ्यांना 'कालिए' म्हणत. आमच्या इमारतीतले एक आजोबा आजही बीटल दिसली की बोलायचे थांबतात. मी शब्द विचारला, त्यांनी सांगितला आणि विषय बदलला.

सदाशिवपेठी
मी वाचलंय, कचराकुंडीला तिथे 'साफाकोन' म्हणतात आणि तो 'सेफ्टी कॅन'वरून आला. १९१६ ते १९२४ अमेरिकी नौसैनिकांनी देश ताब्यात ठेवला होता, त्यांच्या डब्यांवर तसं लिहिलेलं असे.

धागाकर्ता
ही गोष्ट मलाही तीन जणांनी सांगितलीय, तिघांनी वेगवेगळ्या डब्याची. माझा विश्वास नाही. इंग्रजीत सेफ्टी कॅन म्हणजे पेटणारं तेल ठेवायचा डबा, कचऱ्याचा नव्हे. शिवाय शेजारच्या प्वेर्तो रिकोतही हाच शब्द चालतो. ऐकायला गोड व्युत्पत्ती दिसली की मी आधी खिसा चाचपतो. जीपवरून मोठ्या गाडीला 'यिपेता', कॉर्नफ्लेक्सवरून कुठल्याही सिरियलला 'कोन्फ्ले', हे मात्र उघड आहे.

वांगीपोहे
खाण्याचं काय? तिथवर येईपर्यंत धाग्याचा भात करपला.

धागाकर्ता
करपलेल्या भाताचाच शब्द आहे, 'कोनकोन'! जाड अॅल्युमिनियमच्या 'काल्देरो'त तेल घालून भात शिजवतात. तळाला लागून कुरकुरीत होतो तो कोनकोन. शेजारच्या बाई मोठ्या चमच्याने खरवडतात तेव्हा तो आवाज भिंतीतून ऐकू येतो आणि पोरं धावतात. त्यावर राजम्याचा रस्सा. पाहुण्याला वाढला तर तो मान. मी याला 'खरवड' म्हणतो.

कोकणचा बाप्या
खरवड म्हणजे दुधाची हो. भाताची कसली? आणि आमची आजी खाऊ द्यायची नाही, लग्नात पाऊस पडतो म्हणून.

वांगीपोहे
भांड्याच्या तळाचं खरवडून निघतं ते खरवड, मग दुधाचं असो की भाताचं. बाप्या, तुमच्या लग्नात पडला का?

कोकणचा बाप्या
जुलैत होतं. धरू नका.

बोरकूट
एक राहिलं. बटाटा हा शब्दच त्या बेटांवरचा. मूळ ताइनो लोकांचा 'बताता', तो स्पॅनिश-पोर्तुगीजांनी उचलला आणि पोर्तुगीजांच्या गलबतातून आपल्याकडे बटाटा होऊन उतरला.

धागाकर्ता
अगदी. फक्त वाटेत कंद बदलला. त्यांचा बताता म्हणजे रताळं. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत ते राजम्याची गोड खीर करतात, नारळाचं दूध, दालचिनी, लवंग आणि रताळ्याच्या फोडी घालून. पहिल्या वर्षी शेजारच्या बाई म्हणाल्या, आत बताता आहे. मी खिरीत बटाटा कसा लागेल म्हणून चमचा अगदी चिनिनीन बुडवला. नंतर वाटी पुढे केली. बटाटा हवा असेल तर तिथे 'पापा' म्हणायचं.