मदत हवी आहे: पिक्सेलफेडवरचे जुने फोटो मास्टोडॉनवर दिसत नाहीत

नमस्कार मंडळी,

सुट्टीच्या दिवशी जुन्या बारवांचे फोटो काढत फिरतो. लिंबची बारामोटेची विहीर, चारठाण्याची बारव असे १४३ फोटो पिक्सेलफेड या फोटोंच्या समाजमाध्यमावर टाकले आहेत. अशी माध्यमं अनेक स्वतंत्र सर्व्हरवर चालतात आणि एकमेकांशी जोडलेली असतात. गेल्या महिन्यात मास्टोडॉन या छोट्या पोस्टच्या माध्यमावर, वेगळ्या सर्व्हरवर, खातं उघडलं आणि तिथून माझंच पिक्सेलफेडचं खातं फॉलो केलं. पोस्टचा आकडा १४३ दिसतो, खाली मात्र सगळं रिकामं. त्यानंतर टाकलेला एक फोटो लगेच आला. त्यावर मला ९ उत्तरं दिसतात, मित्राला त्याच्या सर्व्हरवर ४च.

माझं काही चुकतंय का? मावसभाऊ पीअरट्यूबवर व्हिडिओ टाकतो, काही जण लेमीवर चर्चा करतात. प्रत्येक ठिकाणी खातं काढावं लागेल का? हे फोटो लोकांपर्यंत पोचावेत अशी फार इच्छा आहे. कितीतरी बारवा बुजत चालल्या आहेत.

प्रतिसाद १

तुमचं काही चुकलेलं नाही. मासिकाची वर्गणी भरली की पुढचे अंक घरी येतात, मागचे येत नाहीत, तसंच हे. तुमच्या मास्टोडॉन सर्व्हरवरच्या कोणीतरी पहिल्यांदा फॉलो केलं, तिथपासूनच्या पोस्ट पिक्सेलफेडचा सर्व्हर तिकडे पाठवतो. जुना फोटो हवा असेल तर त्याची लिंक मास्टोडॉनच्या शोधपट्टीत चिकटवा, तेवढी पोस्ट ओढून आणली जाते. १४३ वेळा करणं जिवावर येईल, निवडक दहा-पंधरा आणा.

उत्तरांचंही तेच. सगळा हिशेब एका जागी नसतो, प्रत्येक सर्व्हर आपल्याकडे पोचलेलंच दाखवतो. पूर्ण संवाद वाचायचा तर मूळ पोस्ट उघडावी.

या सगळ्यांची सामायिक बोली म्हणजे अ‍ॅक्टिव्हिटीपब. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने २०१८ साली तिला मानक म्हणून मान्यता दिली. पण बोली एक असली तरी प्रत्येकाला त्यातलं सगळं कळतंच असं नाही. पिक्सेलफेड हे फोटोंचं घर, तिथे नुसत्या मजकुराच्या पोस्ट दिसायच्या नाहीत. पीअरट्यूबचं चॅनेल मास्टोडॉनवरून फॉलो करता येतं आणि तिथून दिलेलं उत्तर व्हिडिओखाली प्रतिक्रिया म्हणून उमटतं. त्यामुळे मावसभावासाठी वेगळं खातं नको.

प्रतिसाद २

लेमीबद्दल थोडं. मास्टोडॉनवरून लेमीचा समूह फॉलो होतो, पोस्टमध्ये समूहाचा पत्ता घातला की पोस्ट तिथे जाते आणि पहिली ओळ शीर्षक होते. म्हणून पहिल्या ओळीत बारवेचं नाव आणि गाव लिहा. उलट दिशेने मात्र लेमीवरून एखाद्या व्यक्तीला फॉलो करता येत नाही.

ब्लूस्काय या दुसऱ्या समाजमाध्यमाची बोलीच निराळी, एटी प्रोटोकॉल. तिकडच्यांशी बोलायला ब्रिजी फेडसारखी पुलाचं काम करणारी सेवा लागते, आणि दोन्ही बाजूंनी तिला संमती द्यावी लागते.

एक कळकळीची विनंती: खासगी निरोपात कोणाचा फोन नंबर, पत्ता पाठवू नका. मास्टोडॉनवरचे असे निरोप दोन्हीकडच्या सर्व्हरचालकांना वाचता येऊ शकतात. पोस्ट पुसलीत तर पुसण्याचा निरोप इतर सर्व्हरना जातो, पण तो पाळायला कोणाला भाग पाडता येत नाही.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. आत्ताच चारठाण्याच्या फोटोची लिंक चिकटवून पाहिली, आला! आज रात्री बसून पंधरा फोटो निवडतो. बारवा किंवा जुन्या वास्तूंवर लेमीचा चालू समूह कोणाला माहीत असेल तर पत्ता द्या.